नायट्रोजनच्या टाकीतली आई

आई, गेल्या महिन्यात तुला बैलांच्या वीर्याच्या कांड्यांशेजारी एका टाकीत ठेवायची वेळ आली होती, आणि काष्टीचा दादा आडवा आला. दादा म्हणजे तुझा लाडका भाचा, सुट्टीत आपल्याकडे येऊन शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे धावायचा तो. आता पन्नाशी ओलांडलीये त्यानं, पोट सुटलंय, आणि आसपासच्या गावांत गाई भरवायचं काम करतो. थांब, चिडू नकोस. तुला मधूनच सांगितलेलं कधी चालायचं नाही. मी शाळेतून रडत आले की आधी तोंड धुवायला लावायचीस आणि मग म्हणायचीस, "आता पयल्यापास्नं सांग. पेशंटला ताप कवा चढला ते आदी, मंग बाकीचं." तर पहिल्यापासून सांगते.

तू जाऊन बारा वर्षं होऊन गेली. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय. तू आलीस तर पाटी वाचून पुढेच जाशील. तुझा मिशनचा दवाखाना आहे तिथेच आहे. मी शहराबाहेरच्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि ज्या आजारानं तुला नेलं त्याच्याच पेशी वाढवते. त्याच्याच म्हणजे अगदी त्याच्याच. तुझ्याच. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. पप्पांनाही कधी सांगितलं नाही, तेही गेले.

तुझ्या छातीतलं पाणी काढलं तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. पहिल्या वेळची छातीतली गाठ औषधांनी विरघळली होती, तुझे केस परत आले होते, वॉर्डात पेढे वाटून झाले होते आणि चर्चमध्ये उभी राहून तू देवानं बरं केल्याची साक्षसुद्धा दिली होतीस. मग वर्षभरात चर्चच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. तू पलंगावर उशी पोटाशी धरून वाकून बसली आहेस, डॉक्टर पाठीतून सुई घालून फुप्फुसाबाहेर साठलेलं पाणी काढतायत, आणि जन्मभर सिस्टर म्हणून राबलेली तू वाकल्या वाकल्या विचारते आहेस, "कलर काय आला वो?"  मी म्हणाले, लालसर. लाल म्हणजे तो परत आला, हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती. मग मला म्हणालीस, "हे आता बेसिनात वतनार ना? मी आयुष्यभर वतलं. तू त्या पुन्याला काय डब्यांमधी पेशी वाढवती, त्यात हे घाल की. येकदा तरी कामाला येऊ दे." मी तेव्हा नुकतीच पीएचडीला लागले होते. मी म्हटलं, आई, असं नसतं, परवानग्या लागतात, समिती असते. "मंग घे परवानग्या. मी सही करती. हात अजून चालतोय माजा." आणि वर दम: "आन् हे बग, मला बगून रडायचं आन् त्येच्याकडं बगून बी रडायचं, असं दोनी जमनार न्हाई. काम म्हंजी काम." लोकांच्या आया लेकींना पाटल्या देतात. मला तू बाटलीभर लाल पाणी दिलंस.

त्या पाण्यातल्या पेशी वाढल्या. फार चिवट निघाल्या, तुझ्यावरच गेल्या होत्या. माझ्या सरांना (तेच पुढे पुण्याहून इथल्या कॉलेजात आले, मागोमाग मी आणि या पेशीही) त्या कुणाच्या आहेत हे ठाऊक होतं. ते म्हणाले, नमुन्याला नातं नसतं, जमत असेल तर कर, नाहीतर दुसऱ्याला देतो. मी म्हटलं, जमतं. जमत काय डोंबल! पहिले काही महिने पेशींना हात लावायच्या आधी मी बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचे. मग तुझा फटका आठवायचा. आपल्या स्वयंपाकघरात तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना इंजेक्शन द्यायची काचेची सिरिंज स्टोव्हवर स्टीलच्या डबीत उकळायचीस. एकदा मी आत काय आहे बघायला झाकण उचललं आणि बोट घातलं, तशी तू हातावर सणसणीत ठेवून दिलीस. "झालं का समाधान? आता परत उकळाय लागंल. माजं रॉकेल, माजा येळ, आन् त्या म्हातारीचा ताप!" आजही पेशींचं काम करताना हात कुठे लागू नये म्हणून मी जी अंग चोरून बसते, ती तुझ्यामुळे. माझे विद्यार्थी हसतात. हसू देत.

आता हे काय चाललंय ते तुला कळेल असं सांगते. तुझी गाठ विरघळली होती, तेव्हा ती खरंच विरघळली होती. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पण गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्याशा असतात त्या मुळातल्या, बाकीच्या सगळ्या त्यांच्यापासून झालेल्या. औषध बाकीच्यांना मारतं. मुळातल्या गप बसून राहतात, आत आलेलं औषध बाहेर फेकून देतात, आणि सगळं शांत झालं की परत पसारा मांडतात. ते औषध बाहेर फेकायचं काम ज्याच्या हुकमानं चालतं, ते जनुक आम्ही गप्प करतो. काढून टाकत नाही हं. समज, वॉर्डात डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पण ती औषधांच्या खिडकीपर्यंत पोहोचायच्या आत कुणीतरी वाटेतच फाडली. डॉक्टर आहेत, लिहितायत, पण खिडकीतून काही येतच नाही. तसा आरएनएचा एक छोटासा तुकडा आम्ही पेशीत सोडतो, तो त्या जनुकाची चिठ्ठी वाटेत फाडतो. मग पेशीला औषध बाहेर फेकता येत नाही, आणि ज्या औषधाला तुझ्या पेशी भीक घालत नव्हत्या, त्याच औषधाच्या थोड्याशा मात्रेनंसुद्धा त्या मरतात. हे डिशमधलं झालं. माणसाच्या अंगात तो तुकडा नेमक्या त्याच पेशींपर्यंत न्यायचा, हा पुढचा डोंगर आहे, आणि तो माझ्या हयातीत चढून होईल असं मी कुणाला सांगत नाही.

माझं हे एकदा जमलं होतं. सर म्हणाले, "एकदा झालं म्हणजे झालं नाही. मूळच्या पेशी काढ, परत करून दाखव." मूळच्या म्हणजे अगदी सुरुवातीला गोठवून ठेवलेल्या, कारण या पेशी डिशमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढवल्या की माणसाळतात, त्यांचा तो चिवटपणा जातो, आणि मग त्यांच्यावर काही सिद्ध करण्यात अर्थ उरत नाही. तशा मूळच्या पेशींच्या दोनच व्हायल, बोटाएवढ्या कुप्या, शिल्लक होत्या. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, तळाशी.

आणि त्या दिवशी सकाळी टाकी बाहेरून पांढरी झालेली. सुट्टीचा दिवस, कॉरिडॉरमध्ये कुत्रंसुद्धा नाही, मी सहज डोकवायला गेलेले. ही टाकी दुहेरी भिंतीची असते, दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी. तिच्यात हवा शिरली की बाहेरून बर्फ चढतो आणि आतला नायट्रोजन भसाभस उडून जातो. लाकडी पट्टी आत बुडवून बघितली, जेमतेम वीतभर द्रव.  उणे ऐंशीचा फ्रीज असता तर दोन दिवस निभावले असते, पण तो महिनाभर बंद, दुरुस्तीचा कागद ऑफिसात झोपलेला. नायट्रोजनवाल्याला फोन केला. "मॅडम, गाडी सोमवारी." मी म्हटलं, सोमवारी काय टाकीला हार घालायला येता? त्यानं फोन ठेवला. पुण्याला दोघातिघांना लावून पाहिलं, एकानं उचलला, तोही लग्नात होता. आई, संध्याकाळपर्यंत काही केलं नाही तर तू गेलीस, एवढंच डोक्यात. तू परत जाणार, आणि या वेळी माझ्या हातून.

मग दादा आठवला. लग्नाकार्यात तो ती गाईंची टाकी उघडून पोरांना धूर दाखवतो आणि सगळ्यांच्या आया ओरडतात, तो दादा. फोन लावला. "दादा, तुझ्याकडे नायट्रोजन आहे?" "हाय की. पर तुला कशाला? गाय घेतली का काय?" मी म्हटलं, चेष्टा नको, मोठी भरलेली टाकी पाहिजे, आत्ता. "मंग ये की हिकडं. आज बाजार हाय, गावात गर्दी लई, जपून ये."

काष्टीचा बाजार तुझ्या माहेरचा, तुला काय सांगू. गावात शिरतानाच टेम्पोंची रांग लागलेली, त्यात शेळ्या, त्यात कडब्याच्या पेंढ्या. माझ्या गाडीपुढे एक टेम्पो आडवा, आणि त्यातून उतरवलेली गाय रस्त्याच्या मधोमध उभी. मी काच खाली करून ओरडले, "अहो मामा, घ्या ना बाजूला, जिवाचं काम आहे!" तो शांतपणे तंबाखू मळत म्हणतो, "आमी कवाचं सांगतोय. ती म्हनती न्हाई सरकत. तुमी सांगून बगा." मी खरंच उतरले आणि गाईला ढकलायला लागले. कॉलेजातल्या कुणी बघितलं असतं तर! गाय हलली नाही, पण त्या मामांना माझी दया आली असावी, त्यांनी शेपटी पिरगाळली आणि वाट झाली.

दादाच्या ओसरीवर दोन मोठ्या टाक्या. दोन्हींत कांड्या. मी म्हटलं, एक उचल, कांड्या असू देत आत, माझ्या दोनच व्हायल आहेत, कोपऱ्यात मावतील. तो म्हणाला, "कशाच्या व्हायल?" मला घाई, मी बोलून गेले, कॅन्सरच्या पेशी आहेत. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत बाहेर. "अगं बया! आमच्या मालात कॅन्सर ठिवती व्हय? उद्या कुनाची गाय गाभन न्हाई ऱ्हायली तर लोक दारात येतील आमच्या!" मी समजावतेय की बंद व्हायल आहेत, गोठलेल्या आहेत, काही होत नाही, आणि त्या मान हलवतायत. घड्याळ पळतंय. शेवटी जे बारा वर्षांत घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते तिथे ओसरीवर ओरडून सांगितलं. "आईच्या आहेत! आईच्या छातीतल्या आहेत त्या!"

दादा मटकन खाली बसला. "आत्याच्या?" मी मान हलवली. "म्हंजी आत्या जिती हाय त्यात?" मी म्हटलं, पेशी जिवंत आहेत दादा, आई नाही. पण हा गोठलेल्या कांडीतून दर वर्षी शेकडो वासरं उभी करणारा माणूस, त्याला हा फरक कसा पटावा? तो उठला, टॉवेल कमरेला बांधला आणि म्हणाला, "मंग आत्याला बैलांशेजारी ठिवायचं न्हाई."

आणि एक अख्खी टाकी रिकामी करायला लागला. एकेक डबा वर काढायचा, कांड्यांचा रंग बघायचा, दुसऱ्या टाकीत त्याच्या जागी ठेवायचा, मग दुसरा. मी नाचायचीच बाकी होते. "दादा, सगळं एकदम टाक ना! मरतील त्या तिकडे!" "येकदम टाकलं तर गीरच्या गाईला जर्शीची कांडी जाईल. आन् आत्याला घाई केलेली कंदी आवडली न्हाई." खरं होतं ते, म्हणून आणखी राग आला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तू फटका दिला असतास. तो ऐकून घेत होता आणि हात त्याच गतीनं चालत होता. वहिनींनी मात्र एव्हाना साबणाचं पाणी आणून ती टाकी बाहेरून घासून काढली होती आणि कपाटातल्या नव्या टॉवेलनं पुसत होत्या. मघाशी भांडणाऱ्या त्याच वहिनी.

टाकी नायट्रोजननं काठोकाठ भरली, उचलणार, तर दादा म्हणतो, "प्रार्थना करतो, दोन मिंटं." मी म्हटलं, दादा, दोन मिनिटं नाहीयेत आपल्याकडे! पण त्यानं डोळे मिटले होते. आपल्या माणसांची दोन मिनिटांची प्रार्थना तुला माहीत आहे, आदामापासून सुरू होते. मी डोळे सताड उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी, दातांवर दात. तो मात्र तुझं नाव घेऊन देवाला सांगत होता की आमच्या आत्याला थंडीत सांभाळ. आमेन वहिनींनीच मोठ्यानं म्हटलं. मी म्हणालेच नाही, सरळ गाडीचं दार उघडलं.

दादा मागच्या सीटवर टाकी गुडघ्यांत धरून बसला. नायट्रोजनच्या वाफेनं गाडीत गुदमरायला होऊ नये म्हणून काचा उघड्या, आणि नगरपर्यंत आम्ही दोघं धूळ खात आलो. प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा पट्टी बुडवली तर टोकाला जेमतेम ओल. वरच्या कप्प्यांतलं सगळं गेलं होतं. तू जुनी, म्हणून तळाशी होतीस. मी जाड हातमोजे घालून, लांब चिमट्यानं दोन्ही व्हायल काढून पटकन नव्या टाकीत सोडल्या. दादा दाराशी चपला काढून उभा होता. झाकण लावायच्या आधी तो वाकून आत म्हणाला, "आत्या, मी हाय गं." मग मी मात्र बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. तुझा नियम मोडला. काय करू?

पण वाचल्या की नाही हे त्यातली एक वितळवल्याशिवाय कळणार नव्हतं. वितळवली. कोमट पाण्यात व्हायल हलवत बसले, बर्फाचा शेवटचा खडा राहीपर्यंत. निळा रंग घालून मायक्रोस्कोपखाली धरली: मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत होत नाहीत. आधी निळंच निळं दिसलं.  मग काच सरकवली, आणि मधे मधे चमकणाऱ्या गोल गोल पेशी, एक इथे, दोन तिथे. फार नाहीत. पुरे. दुसऱ्या दिवशी त्यांनी डिशच्या तळाला पाय रोवले होते. दुसरी व्हायल वितळवली, ती पूर्ण मेलेली निघाली. म्हणजे आता जे काय होतं ते त्या एका डिशमध्ये. आणि मी हसतेय! आई, मी काय बाई आहे? ज्यांनी तुझा श्वास कोंडला, ज्यांच्यामुळे तू शेवटी बसल्या बसल्या झोपायचीस, त्या जगल्या म्हणून मी पेढे आणायला निघाले होते.

पेशी वाढल्या, पुरेशा झाल्या, आणि परवा प्रयोग पूर्ण झाला. एका डिशला नुसतं औषध. एका डिशला खोटा तुकडा आणि औषध, म्हणजे नुसता तुकडा सोडल्यानं काही होत नाही ना ते कळावं. एका डिशला खरा तुकडा आणि औषध. आणि एकीला काहीच नाही, ती नुसती ताडून बघायला. सकाळी मायक्रोस्कोपपाशी बसले. पहिल्या दोन्हींत तू ठणठणीत, औषध कोळून प्यालेली. तिसरी डिश हातात घेतली. बारा वर्षं मी याच क्षणासाठी घासतेय. हे नाही जमलं तर सगळं पाण्यात. आणि मनात आलं काय, तर मरू नका. एवढंच. मरू नका.

सगळ्या मेल्या होत्या. तळापासून सुटून, फुटून, पाण्यात तरंगत होत्या. सरांनी स्वतः मायक्रोस्कोपमधून बघितलं, परत बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते कधी ठेवत नाहीत. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला. तुझ्यासारखी कुणीतरी कुठल्यातरी पलंगावर उशी धरून बसली असेल, तिच्यासाठी झाला.

दुपारी दादाचा फोन. हल्ली तो दर दोन-चार दिवसांनी करतो. "आत्या बरी हाय का?" त्याला सांगायला पाहिजे होतं की दादा, आज आम्ही तिला मारलं, तेच तर काम होतं, तिचंच काम होतं ते. तोंड उघडलं. "हाय," मी म्हटलं. "बरी हाय." मी कधी अशी बोलत नाही, तुला माहीत आहे. "बरं झालं बया," म्हणाला, आणि फोन ठेवला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? टाकणार नाहीये, तुला सांगायचं होतं एवढंच. आणि एक राहिलं. ती काहीच न घातलेली डिश, तिचं काम परवाच संपलं. नियमानं तिच्यात ब्लीच ओतून ती टाकून द्यायची असते. आज सकाळी मी तिचं खाद्य बदललं, आणि सरांना अजून सांगितलेलं नाही.